माठाच्या जागेवर

दिगूभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा थेरगावात लाइट नव्हती. आतल्या खोलीत ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन भाऊजींनीच बसवलेल्या बॅटऱ्यांवर चालू होतं. त्याची घरघर ऐकत मी जाऊबाईंचं रडणं ऐकलं. खोटं कशाला सांगू, पहिला विचार धाकट्या दिराचा आला नाही. बॅटरी बसली तर आता फोन कुणाला करायचा... हाच आला. मोठ्यानं रडायचीही सोय नव्हती, ह्यांना धाप लागली असती. लाइट आल्यावर पायाशी बसून हळूच सांगितलं.

भाऊजी चाकणच्या एका कंपनीत माल उचलणाऱ्या, बॅटरीवरच्या फोर्कलिफ्ट गाड्या सांभाळायचे. उभा जन्म ॲसिडच्या वासात गेला. पण या विषयातली पंडिता मी. नवी नवरी असताना रेडिओचे सेल उतरले की मी ते पापडांशेजारी उन्हात वाळत घालायचे, आणि संध्याकाळी दोन गाणी वाजली की साऱ्या आळीला माझी विद्या ऐकवायचे. ही पंडिता आजी झाली तरी शहाणी झाली नव्हती. ह्यांना मशीन लागलं, भाऊजी टेम्पोतून चार थोराड बॅटऱ्या घेऊन आले, तर म्हणते कशी, गच्चीवर ठेवा, ऊन खातील, जास्त टिकतील.

भाऊजींनी कपाळाला हात लावला. "वहिनी, हे पापड न्हाईत. उन्हानं लवकर मरत्यात ह्या. तुमचा माठ कुठं हाय?"

माठ उत्तरेच्या खिडकीखाली, घरातल्या सगळ्यात गार, वाऱ्याच्या जागी.

"जिथं माठ गार, तिथं बॅटरी जगती. उचला."

"आणि आम्ही कोमट पाणी प्यायचं?"

"दादाच्या श्वासापरीस माठ मोठा हाय व्हय?"

माठ ओट्याखाली गेला. दोन पुरल्या असत्या तिथं चार का, असं विचारलं तर म्हणाले, "निम्मी वीज वापरायची, निम्मी अडचणीला ठेवायची. सारखा तळ गाठला की आयुष्य घटतं." बॅटऱ्यांमध्ये वाऱ्याला फटी ठेवल्या होत्या, त्यांत मी रद्दी खोचली, ती त्यांनी उपसली. दर महिन्याला येऊन डिस्टिल्ड वॉटर घालायचे. एकदा माझ्या हातात देवघरातला तांब्या दिसला तर म्हणाले, "तीर्थ बी न्हाई, वहिनी."

मग चौघींना पालथा हात लावायचे, तापल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. "एखादी बाकीच्यांपेक्षा गरम लागली तर मला सांगा. एक आजारी पडली की बाकीच्यांना घेऊन बसती."

महिना झाला. पाणी मीच घालते. काल दुपारी लाइट गेली. ह्यांनी आतून सवयीनं विचारलं, "दिगूला कळवलंस का?" मी खिडकीखाली बसले, पालथा हात लावला. पहिली, दुसरी, चौथी सारख्याच. तिसरी जरा कोमट... का मलाच तसा भास झाला? चाकणला फोन केला. भाऊजींच्या हाताखालचा मेकॅनिक म्हणाला, शिफ्ट सुटली की उद्या येतो.

उद्या. लाइट अजून आली नव्हती. मी परत तिसरीवर हात ठेवला. आत घरघर चालू होती. हात काढला तर ती थांबेल असं वाटून मला हात काढायचा धीर झाला नाही.