लाव्याचा बाप

अनाउन्समेंट काकूंचा आवाज आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कुकरच्या शिट्टीच्या आधी ऐकू यायचा. गुढियारीत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला गेलो आणि माझा गजर कायमचा बंद झाला. रायपूर स्टेशनावर गाड्यांची घोषणा करण्यात काकूंची उभी हयात गेली होती. रिटायर झाल्यावर माइक सुटला, सवय काही सुटली नाही. "दूधवाला आज अर्धा तास उशिरा येऊन राहिला आहे," ही खबर त्या अंगणात उभं राहून सगळ्या पाऱ्याला द्यायच्या. ही बाई पक्ष्यांचे फोटो काढते असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. त्यांनी स्वतःच सांगितलं, तेव्हाही मी हसलोच.

काकूंचे यजमान म्हणजे आमचे काका. घरातले सगळे शब्द काकूंच्या वाट्याला गेल्यामुळे त्यांच्या वाट्याला फारसे उरले नव्हते. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन. काकूंची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रातपाळीची, म्हणून दोन्ही पोरींच्या वेण्या, डबे, तापखोकला, शाळेतल्या मीटिंगा सगळं काकांनीच केलं. पाऱ्यातले लोक त्यांना 'मिशीवाली माय' म्हणायचे. काका मान खाली घालून बटणं लावत राहायचे. त्यांना राग आलेला कोणी पाहिला नाही. राग यायचा काकूंना, आणि इतक्या वर्षांनीही तो जरासुद्धा शिळा झाला नव्हता.

थोरल्या मुलीने आईला रिटायरमेंटनंतर कॅमेरा पाठवला. मलाही तो नाद होता, म्हणून एका रविवारी मी काकूंना रुळांपलीकडच्या पडीक माळावर घेऊन गेलो. गवत कमरेएवढं, मधून मधून बोरीची झुडपं, तितर आणि लाव्यांचा राबता. मी ऐटीत हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं जाळं अंगावर घेतलं, काकूंनाही त्यात बसवलं आणि बजावलं, की आता एक शब्द नाही. काकूंनी खरंच जीभ दाताखाली धरली. आम्ही दोघं घामाने निथळलो, मला मुंग्या चावल्या, आणि पाखरू म्हणून एक फिरकलं नाही.

शेवटी काकू जाळं भिरकावून बाहेर आल्या. पिशवीतून बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा काढल्या, घरून आणलेल्या पाटावर ऐसपैस बसल्या आणि निवडायला लागल्या. हात चालू झाले की त्यांचं तोंडही चालू व्हायचं. जुन्या सवयीने, एका सुरात, "यात्रीगण कृपया ध्यान दें" सुरू झालं. दुर्गकडून येणारी गाडी, बिलासपूरकडे जाणारी गाडी. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात समोरच्या बोरीखालून तितराची जोडी बाहेर आली आणि आमच्यादेखत खुशाल धुळीत लोळायला लागली.

"पाहिलं काय भाऊ?" काकू सूर न बदलता म्हणाल्या. "चोरासारखा लपून बसते तो शिकारी असते, हे पाखराले कळत नसन काय? भाजी निवडणारी बाई आपल्या कामात असते. तिले कोण भेते?" त्या दिवसापासून त्यांची तीच पद्धत झाली. मांडीवर शेंगा, बाजूला स्टँडवर कॅमेरा आणि तोंडी रेल्वेचं टाइमटेबल. आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमधले लोक सुरुवातीला त्यांना टाळायचे. मग त्यांचे फोटो पाहिल्यावर जो तो शेंगा घेऊन यायला लागला, पण काकूंसारखं एका सुरात बोलणं कोणाला साधलं नाही.

तितर त्यांना आवडायचे, पण जीव जडला तो लाव्यावर. मुठीत मावेल एवढा, गवतात पायीच फिरणारा हा पक्षी. पूर्वी लोक त्याला मारून खायचे, म्हणून तो माणसाला फार बिचकतो. या लाव्याच्या जोडीतला एक पक्षी मोठा, गळ्या-छातीशी काळाभोर, आणि त्याचा आवाज असा की दूर कोणी जुनी मोटरसायकल सुरू करतंय असं वाटावं. दुसरा लहान, मातकट, गप्प. मोठा तो नर, असं मी ठामपणे सांगून टाकलं. ग्रुपमधले सगळेही तेच म्हणाले.

काकूंनी महिनाभर रोज सकाळी पाहिलं आणि धापा टाकत जिना चढून माझ्या दारात आल्या. "ते काळं पाखरू मादी आहे! मोठ्यानं ओरडते ते ती, दुसऱ्या मादीशी भांडते ते ती. अंडे देऊन मोकळी होते आन् ड्यूटीवर चालली जाते. अंड्यावर कोण बसते? तो मातकट! पिल्लं कोण वाढवते? तोच!" मी पुस्तक काढून पाहिलं, तर अक्षर न् अक्षर खरं. काकू जिन्यावरच बसल्या, पोट धरून हसल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "भाऊ, हे तं आमचंच घर आहे."

आता त्यांना एकच फोटो हवा होता: पिल्लांना पोटाखाली घेऊन बसलेला लाव्याचा बाप. आणि त्याची घाई होती. काकांना काचबिंदू होता. समता कॉलोनीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली फार दिवस टिकणार नाही. काकांना तेव्हाच नळीतून पाहावं तेवढंच दिसत होतं. मशीनवर सुई ओवणं कधीच सुटलं होतं. "लोक त्याईले काय काय बोलले," काकू मला म्हणाल्या. त्यांचा आवाज मी हळू ऐकला तो तेवढा एकदाच. "देवानं असा बाप बनवलाच आहे, हे मले त्याईच्या डोळ्याले दाखवायचं आहे. मंग गेले डोळे तं गेले."

पहिलं घरटं हातचं गेलं. लाव्याची पिल्लं अंड्यातून निघाली की काही तासांतच बापामागे चालायला लागतात. आम्ही पोचलो तेव्हा गवतात नुसती टरफलं पडली होती. काकू दिवसभर बोलल्या नाहीत, तेव्हा शेजारणी चौकशीला आल्या की घरात कोणाचं बरंवाईट तर नाही ना.

पण लाव्याच्या घरची रीत वेगळी. काही दिवसांनी त्याच काळ्या मादीने माळाच्या दुसऱ्या टोकाला दुसरा नर गाठला आणि पुन्हा अंडी घातली. काकू ते पाहून लाजल्याच. "हिनं तं दुसरं लग्न केलं! एवढं मात्र आमच्या घरी नव्हतं हो," असं मला बजावून त्यांनी पाट उचलला आणि नव्या घरट्यासमोर मांडला. काका घरून डबा भरून द्यायचे. चाचपडत, पण भाजी तिखटामिठाला अगदी बरोबर.

त्या सकाळी आभाळ भरलेलं होतं. काकू बरबटी निवडत होत्या, मी मागे उभा होतो. गवत हललं आणि मातकट लावा पायवाटेवर आला. मागे चार पिल्लं, बोराच्या बीएवढी म्हणावी इतकी बारकी. पावसाचे थेंब पडायला लागले तसा तो थबकला, अंग फुगवून खाली बसला, आणि पिल्लं चहूबाजूंनी त्याच्या पोटाखाली शिरली. बापाच्या खालून चिमुकले पायच पाय दिसायला लागले. मी श्वास रोखला. काकूंनी नाही रोखला. त्यांना ठाऊक होतं की आवाज थांबला की पाखरू सावध होईल. त्यांचा हात कॅमेऱ्यावर गेला, गालावरून पाणी ओघळत होतं, आणि तोंडाने तोच सपाट सूर चालू होता: "गाड़ी अपने निर्धारित समय पर आ रही है... प्लेटफॉर्म नंबर एक पर आ रही है..." कॅमेरा वाजत राहिला.

गुढियारीत शिरल्यापासून घरापर्यंत काकूंनी अनाउन्समेंट केली. "लाव्याचा बाप भेटला हो! सगळे लेकरं पोटाखाली!" लोक दारांत आले. ज्यांनी एकेकाळी 'मिशीवाली माय' म्हटलं होतं, त्यांच्या दारासमोर त्या जरा जास्तच थांबल्या. सदर बाजारात फोटो मोठा करून घेतला तेव्हा दुकानातल्या पोट्ट्याने विचारलं, "आंटी, किसका फोटो है?" काकू म्हणाल्या, "हमारे घर का है. फ्रेम अच्छी लगाना."

काकांनी तो फोटो खिडकीच्या उजेडात नाकाशी धरला. एकदम सगळा दिसणं शक्य नव्हतं, म्हणून ते फ्रेम हळूहळू सरकवत, एकेक घास खावा तसा पाहत गेले. आधी चोच, मग डोळा, पंख, मग एकेक पिल्लू. काकूंनी सगळी गोष्ट एका दमात सांगितली. कोण ओरडते, कोण उबवते, कोण चालली जाते ड्यूटीवर. काका मग फ्रेमवरून बोट फिरवत म्हणाले, "थकला आहे बिचारा. पण पाय कसे रोवून बसला आहे, पाह्य." आणि हसले. काकांना दात दाखवून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढे माझं ऑफिस नव्या रायपुरात गेलं आणि मीही तिकडे राहायला गेलो. तिथल्या माळावर रविवारी मी पाट टाकतो, शेंगा निवडतो आणि मोठ्याने बोलतो. येणारे-जाणारे मला वेडा समजतात, तितर समजत नाहीत.

मागच्या महिन्यात गुढियारीला गेलो. काकांचे डोळे आता पूर्ण गेले आहेत. फोटो मशीनच्या वर भिंतीवर आहे, आणि रोज सकाळी चहाच्या वेळी काकू तो काकांना मोठ्याने ऐकवतात. त्या दिवशीही पाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात चालू होतं, "मधात बाप बसला आहे. दोन पिल्लं पुढं, एक मागं. चौथं डाव्या पंखाखाली."

काकांनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"डाव्या नाई, उजव्या. डोकं तेवढं बाहेर काढलं आहे त्यानं. कितीदा सांगू तुले?"

मी उठून भिंतीजवळ गेलो आणि नीट पाहिलं. काकांचंच बरोबर होतं.