बिरप्पाचा क्लोज-अप

बिरप्पा मेकअपच्या खुर्चीत बसला होता आणि विग काही त्याच्या डोक्यावर नीट बसत नव्हता. खास पुण्याहून मागवलेला. कानांमागे केस ताठ उभे राहत होते.

बिरप्पा आमच्या सिनेमाचा हीरो. दुधनीजवळच्या खेड्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. सोलापुरात नाटकं करत इथवर आलेला. वैरागजवळ शूटिंग चालू असताना त्याचे वडील गेले. एक सीन अर्धा टाकून तो गावी गेला आणि दिवस उरकून परत आला. थोरला मुलगा, त्यामुळे डोकं आणि मिशी दोन्ही उतरवलेली.

माझं काम कंटिन्युइटीचं. सिनेमातला सीन तुकड्यातुकड्यांनी, कधी वेगवेगळ्या दिवशी शूट होतो. पडद्यावर मात्र तो सलग वाटायला हवा. आधीच्या शॉटमध्ये शर्टाचं वरचं बटण उघडं असेल, तर पुढच्यातही उघडंच हवं. ते बघणारी मी. बटणाचं जमतं. केस कुठून आणायचे?

सीन असा: मुलगा घर सोडून निघालाय, आई अंगणात उभी आहे. आईचं काम आमच्या जुन्या नटी सुमनताईंचं. दोघं दिसतात तो लांबचा शॉट झाला होता. राहिला होता बिरप्पाचा क्लोज-अप, म्हणजे नुसता चेहरा, आणि त्याचं शेवटचं वाक्य.

"विग चालेल ना?" डायरेक्टर सरांनी विचारलं.

"लांबून चालला असता. क्लोज-अपमध्ये कळेल."

"मग केस वाढेपर्यंत थांबू का? शूटिंगला घेतलेलं हे घर उद्या सोडायचंय, मीनल."

"घालतो की सर," बिरप्पा म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळूच बोलला, "पण ताई, ह्ये केस घातल्यावर असं वाटाय लागलंय, बापासाटी मी काय केलंच न्हाय."

मी विग काढून बाजूला ठेवला.

"सर, हा क्लोज-अप नको घेऊया. आधी सुमनताईंचा एक शॉट घेऊ. त्या दोरीवरचा टॉवेल ओढून पुढे करतात, 'ऊन लई हाय, बांध' म्हणतात. तिथे कट. पुढच्या शॉटमध्ये कॅमेरा बिरप्पाच्या पाठीमागे, टॉवेल डोक्याला बांधलेला. कधी बांधला ते प्रेक्षक आपोआप जुळवून घेतात. वाक्य त्याचं, चेहरा ताईंचा."

"एवढं महत्त्वाचं वाक्य, आणि हीरोची पाठ दाखवायची?"

"हो."

सरांनी बाजूला ठेवलेल्या विगकडे एकदा बघितलं. "घेऊन तर बघू," म्हणाले.

टॉवेलचा शॉट सुमनताईंनी झटक्यात दिला. मग कॅमेरा मागे गेला आणि बिरप्पा त्यांच्यासमोर उभा राहिला. बिनमिशीचा, डोळे सुजलेला. हे फक्त ताईंनाच दिसत होतं.

"येतो मी. काळजी करू नगंस," एवढंच वाक्य.

ताईंनी नुसती मान हलवायची होती. त्यांनी हात लांब करून त्याच्या गालावरून फिरवला. पदराने डोळे टिपले. सरांनी बराच वेळ 'कट' म्हटलं नाही.

शॉटनंतर बिरप्पा ओट्यावर बसून रडला. गावात रडायला वेळच मिळाला नव्हता म्हणाला. ताई त्याच्याजवळ बसून राहिल्या.

एडिटिंगला एडिटरने चित्र थांबवलं. "मॅडम, लांबच्या शॉटमध्ये पदर कमरेला खोचलाय. इथे मोकळा आहे. दुसरा टेक?"

"नाही घेतला," मी म्हणाले.

सरांनी तो शॉट एकदा बघितला, परत बघितला. "राहू दे."

सिनेमा लागून गेला. पदराबद्दल आजवर मला कुणीही विचारलेलं नाही. माणसं चेहऱ्यात गुंतलेली असली की त्यांना पदर दिसत नाही. आणि दिसलाच, तर समजावं, चेहऱ्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.