गांगुर्डेबाईंचा बिघडलेला हात

हरसूलकडच्या एका शाळेत मी गांगुर्डेबाईंसोबत शिकवायचो. जुन्या लग्नपत्रिका कापून बाई पहिलीसाठी अक्षरांची कार्डं करायच्या. गावात नळच नव्हता, म्हणून त्यांचा 'न' शेतातल्या नागलीचा, म्हणजे नाचणीचा. कार्डं इतकी देखणी, की हेडमास्तर ती लगेच कपाटात कुलूपबंद करायचे. "पोरं मळवतील, बाई. तपासणीला लागतील."

बाई पुन्हा करायच्या, तीही कपाटात जायची. सहा वर्षं हेच. म्हणे शैक्षणिक साहित्य!

२००१ साली बाईंनी वाकडीतिकडी, रंग ओघळलेली कार्डं केली. हेडमास्तरांनी नाक मुरडलं. "हात बिघडला की तुमचा."

"थकले, सर," बाई म्हणाल्या. ते काही खोटं नव्हतं.

त्यांच्या मागे पोरं जमिनीवर बसून न, नागली वाचत होती आणि कार्डं छान मळत होती.