बाळूभाऊंनी रिजेक्ट केलेला मका

“ताई, तुमच्या मालात लई पोरॉसिटी हाय. रिजेक्ट!”

एवढं बोलून बाळूभाऊंनी मक्याच्या मुळाच्या चकतीवर लाल रंग फासला. मी ओरडेपर्यंत दुसरी चकतीही लाल झाली होती.

मी बियाण्यांच्या कंपनीत मक्याचे वाण तपासते. त्या आठवड्यात आमचा मायक्रोस्कोप बंद पडला. साहेबांनी बजावलं होतं, “पाणी तोडल्यावरही हिरवे राहणारे ते दोन वाण का तगतात, त्याचा पुरावा सोमवारी द्या. नाहीतर ट्रायल बंद.” तीन वर्षं त्या प्लॉटमध्ये घातली होती. माझी झोपच उडाली.

म्हणून सहा वाणांच्या चकत्या घेऊन चाकणला एका कास्टिंगच्या कारखान्यात गेले. तिथे धातू तपासायचा मायक्रोस्कोप आहे, आणि माझ्या ओळखीचे मोशीचे बाळूभाऊ तिथे क्वालिटीत आहेत. ओतलेल्या लोखंडात बारीक भोकं राहिली तर ती पोरॉसिटी. अशा पार्टला लाल रंग लावतात, म्हणजे तो चुकूनही गाडीत जात नाही. मी चहा पिऊन येईपर्यंत भाऊंनी सवयीने माझा अख्खा लॉट इन्स्पेक्ट केला होता.

“भाऊ, मला भोकंच हवी होती!”

“हळू बोला. कुनी ऐकलं तर माझी नोकरी जाईल.”

मग मी समजावलं. मुळीच्या सालीतल्या पेशींनाही खायला लागतं. काही वाणांत त्यातल्या बऱ्याच पेशी मरतात आणि तिथे पोकळ्या राहतात. खाणारी तोंडं कमी झाली, की वाचलेल्या अन्नावर मूळ खोल जातं, खालच्या ओलीपर्यंत पोचतं.

“म्हंजी कॉस्ट कटिंग!” भाऊंना एकदम पटलं. “आमच्याकडं बी दर वर्षी व्हतं. पर आमी काय खोल जात न्हाई.”

नशीब, रंगवण्याआधी त्यांनी प्रत्येक चकतीचा फोटो काढून रिपोर्ट बनवला होता. डब्यांवर नुसते नंबर होते. मी माझ्या वहीशी ताडून पाहिलं. त्यांनी रिजेक्ट केलेले दोन्ही वाण म्हणजे प्लॉटमध्ये हिरवे राहिलेले तेच दोन! मला तिथेच रडू आलं. भाऊंना वाटलं, रिजेक्शनमुळे.

सोमवारी साहेब रिपोर्ट बघून म्हणाले, “तुमचे दोन्ही वाण रिजेक्ट? आणि सही कास्टिंगवाल्याची?”

“सर, फोटो बघा. रिमार्क तेवढा उलटा वाचा.”

त्यांनी बराच वेळ फोटो पाहिले आणि ट्रायल पुढे चालू ठेवली. संध्याकाळी मी भाऊंना फोन करून आभार मानले.

“रिजेक्ट माल पुढं सोडला? ताई, माझं नाव कुठं घेऊ नका राव!”

तेव्हापासून माझा एक नियम आहे. तपासणाऱ्याला आपल्याला काय हवंय ते आधी सांगायचं नाही. तो माल रिजेक्ट करतो, पण निकाल खरा देतो.