बरा झालो, असं म्हणा

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सौंसरच्या प्रार्थना भवनात टाळ्या वाजवत होतो. पांढुर्ण्याहून तिची शेजारीण बोलत होती. मी बाहेर जाऊन सगळं ऐकून घेतलं, परत आत आलो आणि गाणं संपेपर्यंत टाळ्या वाजवत राहिलो. ताईला संगतीतून, म्हणजे आमच्या मंडळीतून काढलेलं होतं, आणि काढलेल्या माणसासाठी रडलेलं आमच्या पास्टरजींना चालत नसे. याला आता सात आठवडे झाले. माझी मलाच शिसारी येते.

खरं तर येशूकडे मला तिनंच नेलं होतं. तिचा देव घरातल्या माणसासारखा होता. भाजीत मीठ जास्त पडलं की कढईकडे बघून म्हणायची, "प्रभू, आता तूच खाय हे!" आणि मोठ्यांदा हसायची. भाऊजी संत्र्याच्या मंडीत क्रेट भरायचे. त्यांना शुगर होती, पायाला जखम झाली ती भरेना. पास्टरजींनी डोक्यावर हात ठेवून ते बरे झाल्याचं जाहीर केलं आणि त्यांना सगळ्यांसमोर गवाही, म्हणजे साक्ष द्यायला उभं केलं. माईक धरायचं काम माझं. भाऊजी सरळ माणूस, जसं होतं तसं बोलले, "मी बरा होऊन राहिलो." आमच्या बोलीत याचा अर्थ, बरा होतोय.

पास्टरजींनी माझ्या हातातला माईक ओढला. "होऊन राहिलो नाही. झालो म्हणा. होऊन राहिलो म्हणजे शंका." भाऊजींकडून तीनदा वदवून घेतलं… बरा झालो, बरा झालो, बरा झालो. एकदा असं म्हटल्यावर गोळी घेणं म्हणजे देवाला खोटं पाडणं. तरी ते चोरून घ्यायचे. एकदा चहाबरोबर गिळताना मी पाहिलं, आणि जाऊन पास्टरजींना सांगितलं. मला ते पुण्याचं काम वाटलं. पुढच्या रविवारी भाऊजींना सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसवलं. घरी येऊन त्यांनी गोळ्या नालीत टाकल्या. पाय काळा पडत गेला आणि दोन महिन्यांत ते गेले. मातीच्या वेळी पास्टरजी ताईकडे पाहत म्हणाले, "घरातल्याच कोणाच्या तरी अविश्वासानं नेलं."

ताई म्हणाली, "मंग तुमी चष्मा काऊन लावता, पास्टरजी?"

एवढ्यावरून तिला काढलं. तिला कोणी 'जय मसीह की' म्हणायचं नाही, असा हुकूम निघाला. बसस्टँडवर ती समोरून आली, तिनं 'जय मसीह की' म्हटलं, आणि मी छिंदवाड्याच्या बसची पाटी वाचत उभा राहिलो. असं दोनदा झालं.

चार वर्षांनी, तिच्या जाण्याच्या पंधरा दिवस आधी, मी लपून तिच्याकडे गेलो. ती मेथी निवडत होती. म्हणाली, बायबल माळ्यावर फेकलं होतं, देवाला तोंडाला येईल ते बोलले. मग एक दिवस वरणात मीठ जास्त पडलं, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, 'प्रभू, आता तूच खाय.' चुकून. त्यानंतर किती तरी वेळ तिथंच बसून रडले.

"म्हणजे विश्वास बसला परत?" मी विचारलं.

"बसून राहिला," ती म्हणाली. "घाई नाही त्याले."

मग मी गोळ्यांचं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. "मले मालूम होतं. तुह्याशिवाय घरात आलं कोण होतं? जाय, माफ केलं. पण याची गवाही कोठी देऊ नको. सांगतलं की तुले हलकं वाटन."

तिच्या स्वयंपाकघराची किल्ली आता माझ्याकडे आहे. रविवारी भवनात न जाता तिथं जाऊन बसतो. प्रार्थना सुचत नाही. तिनं माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती… आणि मी ती इथं लिहून बसलो. ताईचं खरं होतं. हलकं वाटतंय.