ओहोटीत लावलेली गाडी

मेव्हण्याची नवीकोरी गाडी मी समुद्रात उभी केली होती.

परवा केडगावच्या एका गॅरेजात भिजलेल्या सीटचा वास आला आणि कितीतरी वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ पुन्हा नाकात शिरली. कोकणात समुद्राकाठचं घर दोन दिवस भाड्यानं घेतलं होतं. दारामागं पाहुण्यांसाठी सूचना चिकटवल्या होत्या. त्यातली 'गाडी वाळूत नेऊ नये' ही सूचना मी मोठ्यानं वाचली, हसलो आणि गाडी वाळूत नेली. आम्ही राहुरीकडची माणसं. आमच्या मुळा धरणाचं पाणी उन्हाळ्यात एकदा मागं सरलं की पावसाळ्यापर्यंत फिरकत नाही. समुद्राचंही तेच असणार, असं मी मेव्हण्याला ठासून सांगितलं.

चहा पिऊन परत आलो तर लाटा टायरला लागलेल्या. मी एक्सलेटर दाबला, तशी चाकं आणखीच खाली बसली. मग पाणी दारातून आत आलं आणि पूजेचा झेंडूचा हार सीटवर तरंगायला लागला. आज वाटतं, समुद्र किती सावकाश येत होता, त्याला कसलीच घाई नव्हती. तेव्हा मात्र मी कमरेएवढ्या पाण्यात, पळणारा बैल धरावा तसा बंपर धरून उभा होतो. घरमालकीण काकू ओट्यावरून ओरडत होत्या, "ट्रॅक्टर निघालाय हो!"

शेवटी मेव्हणा म्हणाला, "दाजी, सोडा ते. तुमी नुसतं बाजूला व्हा, तेवढीच लई मदत हुईल."