एग्बर्टमामा मास्क काढत नाही

एग्बर्टमामाला शिकवायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. माझ्यावर आली आणि तीन दिवसांत माझा घसा बसला. पाण्याखाली ओरडता येत नाही, पण वर आल्यावर मी ती सगळी कसर भरून काढत होते.

हा माझ्या आईचा थोरला भाऊ. वय एकसष्ट. टोबॅगो बेटावरच्या स्पेसाइड गावाच्या धक्क्यावरून पाहुण्यांना समुद्राखालची पोवळी दाखवायला नेणारी आमची होडी तो सव्वीस वर्षं चालवतोय, आणि सव्वीस वर्षांत त्यानं एकदाही पाण्याखाली डोकं घातलेलं नव्हतं. पोहायला उत्तम येतं, पण मान वर ठेवून. डोक्यावरची गवती टोपी भिजता कामा नये, हा नियम.

खाली न जाता तो करतो काय? तर बुडबुडे बघतो. आमच्याकडचा प्रवाह असा की उडी मारली की पोहायचे कष्ट नाहीत. तोच तुम्हाला पोवळ्यांवरून वाहून नेतो आणि पाऊण तासानं भलतीकडेच वर काढतो. तेव्हा होडीनं वरून आपापल्या माणसांच्या बुडबुड्यांच्या मागे मागे जायचं. बाकीचे होडीवाले नुसते बुडबुडे बघतात, मामाला त्यातली माणसं ओळखू येतात. पाहुण्यांना घेऊन खाली जाणारी मी वर आले रे आले की विचारणार, "त्या लाल केसांच्या बाईला खाली काय झालं होतं गं? दहा मिनिटं धापा टाकत होती." एकदा तर सगळ्या पाहुण्यांसमोर मलाच म्हणाला, "मार्व्हा, मंगळवारपासून तुझा श्वास नीट नाही. पोर्ट ऑफ स्पेनवाल्याचा फोन आला नाही वाटतं?" असल्या माणसाला काय बोलणार?

रोज सकाळी धक्क्यावर मी पाहुण्यांना नीट समजावून सांगते. पाणी कोमट असेल. प्रवाह ओढेल, घाबरू नका. ओरिनोको नदीचं हिरवट पाणी आलं असेल तर धूसर दिसेल. कासव बहुतेक भेटेल, पंखवाला मोठा मांटा मासा नशिबात असला तरच. माझं दहा मिनिटांचं भाषण संपत आलं की मामा खाऱ्या माशाचा बेक, म्हणजे मासा भरलेला तळलेला पाव, चावत मागून ओरडतो, "मासे दिसतील नाहीतर नाही दिसणार. वर याल तेव्हा होडी असेल!" सगळे हसतात, टाळ्या वाजवतात, आणि माझं भाषण पाण्यात.

यंदा पाहुणे पाठवणाऱ्या परदेशी कंपनीनं फर्मान काढलं की एक डिसेंबरपासून होडी चालवणाऱ्याकडेही पाण्याखाली जायचं कार्ड हवं. कार्ड नसेल त्यानं घरी बसावं. मामानं घरी बसणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. मामी गेल्यापासून तो घरी फक्त झोपायला जातो. रविवारी चर्च सुटलं की जेवायच्या आधी धक्क्यावर येऊन नुसती होडी बघून जाणारा माणूस तो. म्हणून मी म्हटलं, मी शिकवते. माझीच चूक.

पहिल्या दिवशी तो टोपी घालून खाली यायला निघाला. दुसऱ्या दिवशी उथळ वाळूवर चार मिनिटं टिकला आणि तडक वर गेला. का, तर होडी राखायला बसलेल्या केस्टरनं नांगर चुकीचा टाकलाय, हे त्याला खालून दिसलं! केस्टर आमच्या गल्लीतला तिशीतला माणूस. त्याच्याकडे कार्ड आहे, चकचकीत चष्मा आहे आणि बाकी अक्कल बेताची आहे.

तरी मामा बाकी सगळं शिकला. अडलं एकाच गोष्टीवर. पाण्याखाली गुडघे टेकून बसायचं, डोळ्यानाकावरचा काचेचा मास्क पूर्ण काढायचा, परत लावायचा आणि नाकानं फुंकून आतलं पाणी बाहेर घालवायचं. एवढं जमल्याशिवाय मला कागदावर सही करता येत नाही. मी खूण केली, काढ. त्यानं माझ्या हातातली पाण्याखाली लिहायची पाटी घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "का?"

वर आल्यावर मी म्हटलं, "मामा, पुस्तकात आहे म्हणून."

"पुस्तक लिहिणाऱ्याचं डोकं फिरलंय. मास्क कशाला असतो? पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून. मग पाण्यात तो काढायचा कशाला?"

"भीती वाटते तर तसं सांग."

"भीती? बावीस पौंडाचा मासा हातानं ओढलाय मी. काम असेल तर सांग, करतो. उगीच सर्कस करणार नाही."

तीन दिवस हेच. वीस वेळा मी खूण केली असेल, वीस वेळा पाटीवर "का?" आला. मी शेवटी पाटीची पेन्सिलच काढून घेतली, तर त्यानं बोटानं वाळूत लिहिलं. डोकं आपटून घ्यावं म्हटलं तर खाली तेही धड जमत नाही.

शनिवारी ठरलेली शेवटची मोठी डुबकी होती. सोमवारी एक तारीख. मी, मामा आणि माँट्रियलहून आलेल्या ब्रिजिट नावाच्या निवृत्त बाई. होडीवर केस्टर. डुबकी झकास झाली. माणूस मावेल एवढ्या पोवळ्याच्या गड्ड्यावरून आम्ही वाहत गेलो, कासव दिसलं, मामानं त्याला हात हलवून नमस्कारही केला. वर आलो, आणि होडी नाही.

नाही म्हणजे होती, पण पार लिटल टोबॅगो बेटाच्या टोकाशी, ठिपक्याएवढी. केस्टरसाहेब दुसऱ्याच होडीच्या माणसांच्या बुडबुड्यांमागे गेले होते. मी शिट्टी फुंकली, नारिंगी फुगा उभा केला. वारा उलटा.

"ते म्हणाले होते होडी असेल!" ब्रिजिटबाई ओरडल्या.

"मी होडीत असेन तेव्हाचं बोलणं ते," मामा चिडून म्हणाला. "गाढव कुठला! त्यांची माणसं आठ, आमची तीन. आंधळ्यालाही कळलं असतं."

लाटा तोंडावर येत होत्या. बाईंचा धीर सुटला. त्यांनी हवेची नळी झिडकारली, मास्क ओरबाडून काढला आणि तो हातातून निसटून तळाला गेला. आता प्रत्येक लाट त्यांच्या नाकाडोळ्यांत. त्या मला धरायला बघत होत्या, म्हणजे मलाही बुडवायला. मी मागून त्यांची हवेची टाकी धरली, अंगातलं तरंगायचं जाकीट फुगवलं, तरी त्या पाणी गिळतच होत्या.

मामानं स्वतःचा मास्क काढला आणि बाईंच्या तोंडावर चढवला. पट्टा ओढला, नळी परत तोंडात दिली. "घ्या. आता घरात आलात. लाटा बाहेर, तुम्ही आत. श्वास सोडा. आणखी. मी वरून बुडबुडे बघतो ना, तसा लांब."

बाईंचा श्वास लांबला. मामा उघड्या डोळ्यांनी लाटा खात म्हणाला, "होडीकडे पोहायचं नाही. खडकाकडे तिरकं चला, तिथं पाणी मागे फिरतं." तसंच झालं. पंचवीस मिनिटांनी केस्टर धापा टाकत आला तेव्हा आम्ही खडकाच्या आडोशाला आरामात तरंगत होतो. मामानं त्याला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी मी कागद उघडला. वाटलं, करून टाकावी सही. पण कागदावर लिहिलंय पाण्याखाली, आणि मामानं मास्क काढला तो पाण्यावर. खोटी सही मी करत नाही. कुणासाठीच नाही. मला त्या कागदाचा राग आला, माझा आला, मामाचा तर आलाच.

रविवारी तो चर्चमधून तसाच आला. "मार्व्हा, पुन्हा तीच सर्कस?"

"पुन्हा तीच."

खाली वाळूवर आम्ही समोरासमोर गुडघे टेकून बसलो. मी खूण केली, काढ. त्यानं मान हलवली आणि वाळूत बोट टेकवलं. मला ते लिहिणं पुरं झालं होतं. आठ वर्षं मी लोकांना हे करायला लावलं, आणि का करायचं हे मीही कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

मी माझा मास्क काढला आणि वाळूत सोडून दिला.

सगळं पुसट झालं. डोळे चुरचुरले. समोर नुसती एक काळी सावली. मी मोजत होते, दोन, तीन. मग दोन खरखरीत हात माझ्या गालांवर आले. काच डोळ्यांवर बसली, आणि त्या जाड बोटांनी माझ्या वेण्या एकेक करून पट्ट्याखालून सोडवल्या, लहानपणी शाळेत जाताना दप्तराच्या पट्ट्यातून सोडवायचा तशा. मी नाकानं फुंकलं. पाणी गेलं आणि मामा दिसला, उघड्या लाल डोळ्यांनी माझ्याकडे रोखून बघणारा, श्वास अगदी शांत.

मी त्याचा मास्क काढून त्याच्या हातात दिला. त्यानं लावला, एकदाच फुंकलं, झालं. माझा मास्क वाळूत पडला होता, तोही त्यानंच उचलून दिला.

वर आलो. मी काही बोलायच्या आत तो खेकसला, "आठ वर्षं शिकवतेस आणि स्वतःचा मास्क सांभाळता येत नाही? लोकांसमोर असं करू नकोस. आणि खाली रडू नये, काचेला वाफ धरते."

मी ओल्या हातानंच सही केली. सोमवारी सकाळी माझं भाषण संपत आलं होतं, तेव्हा तो बेक चावत मागून ओरडला, "वर याल तेव्हा होडी असेल!" आणि मी त्याला थांबवलं नाही.